आई रक्त घेणार नाही, झडप मात्र बदलायची आहे

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. आई 64 वर्षांच्या, वजन 52 किलो. हृदयातून महाधमनीकडे रक्त जातं त्या वाटेवरची झडप, म्हणजे एऑर्टिक व्हॉल्व्ह, फार अरुंद झाली आहे. जिना चढताना दम लागतो, एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली. हिमोग्लोबिन 10.2. दहा वर्षांपूर्वी त्या यहोवाच्या साक्षीदार झाल्या, म्हणजे रक्त घेणं नाकारणाऱ्या एका ख्रिस्ती पंथात गेल्या, घरातलं बाकी कुणी त्या पंथात नाही. एका सर्जनने सांगितलं, रक्ताच्या फॉर्मवर सही नसेल तर ऑपरेशन नाही. दुसरे म्हणाले, "तुम्ही मुलगा म्हणून सही करून ठेवा, वेळ आलीच तर त्यांना कळणारही नाही." तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: रक्ताशिवाय ओपन हार्ट होतं का, आणि वेळ आली तर नकळत रक्त द्यावं का.

मी भूलतज्ज्ञ आहे, 22 वर्षं हृदयाच्या ऑपरेशनांनाच भूल देते. पहिल्याचं उत्तर: होतं, पण 10.2 वर नाही. दुसऱ्याचं: नाही. आता सविस्तर सांगते, कारण "होतं" हा शब्द ऐकून लोक थेट तारीख घेतात आणि तिथेच चुकतं.

हे नवीन नाही. हृदयाची ऑपरेशनं सुरू झाली तेव्हा हार्ट-लंग मशीन, ज्याला आम्ही नुसता 'पंप' म्हणतो, आधी दात्यांच्या रक्ताने भरून घ्यावा लागे. ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला रक्ताऐवजी डेक्स्ट्रोजचं पाणी भरून पंप चालवला आणि साक्षीदार रुग्णांची ऑपरेशनं हाती घेतली. 1977 मध्ये त्यांच्या चमूने अशा 542 ऑपरेशनांचा हिशेब छापला. सुरुवातीच्या काळातले मृत्यू 9.4 टक्के होते. त्या जमान्याच्या मानाने आकडा वाईट नव्हता. त्यात केवळ रक्तस्रावाने गेलेले तीन आणि ज्यांच्या मृत्यूला रक्ताल्पतेचा हातभार लागला असे बारा. या बाराजणांकडे मी नेहमी बोट दाखवते, कारण तुमच्या आईंचा धोका याच जातीचा आहे.

क्लीव्हलँड क्लिनिकने 2012 मध्ये 322 साक्षीदार रुग्णांची तुलना रक्त घेतलेल्या तशाच रुग्णांशी केली होती. एका वर्षानंतर साक्षीदारांपैकी 95 टक्के हयात होते, रक्त घेतलेल्यांपैकी 89 टक्के. हा आकडा कुणीतरी तुम्हाला पाठवेलच. त्याला भुलू नका. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी होतं किंवा ऑपरेशन फार गुंतागुंतीचं होतं, त्यांतले बरेच साक्षीदार टेबलापर्यंत आलेच नसणार. आकडा एवढंच सांगतो की नीट निवड आणि नीट तयारी केलेला रुग्ण रक्ताशिवाय चांगला पार पडतो. तयारी म्हणजे काय, ते तुमच्या आईंच्याच आकड्यांवर दाखवते.

52 किलोच्या बाईच्या अंगात साधारण 3,400 मिली रक्त असतं. नेहमीच्या पंपाच्या नळ्या भरायला सुमारे 1,400 मिली द्रव लागतो. पंप सुरू झाला की हा द्रव त्यांच्या रक्तात मिसळणार. म्हणजे 10.2 चं हिमोग्लोबिन पहिल्या दोन-तीन मिनिटांतच 7.2 च्या आसपास येईल, अजून सर्जनने हृदयाला हातही लावलेला नसताना! इतर रुग्णात या आकड्याला आम्ही रक्तपेढीला फोन करतो. आईंच्या बाबतीत फोन करायला कुणी नाही. पुढे थोडा जरी रक्तस्राव झाला तरी सगळी उतरंड कोसळायला लागते.

आता त्याच बाई 13 वर टेबलावर आल्या तर? तोच पंप, तेच पाणी, आकडा 9.2 वर थांबेल. शिवाय पंप सुरू करण्याआधी रुग्णाचंच रक्त उलटं नळ्यांत सोडून त्यातलं पाणी बाहेर काढता येतं. त्याने पाणी चार-पाचशे मिलीने कमी होतं आणि आकडा 10 च्या वर राहतो. चांगला पर्फ्युजनिस्ट, म्हणजे पंप चालवणारा तंत्रज्ञ, नळ्या आखूड करून आणखी थोडं वाचवतो. मी सलाईन हात आखडून देते. ही सगळी काटकसर. पण 10.2 चे 13 करण्याएवढी मोठी कमाई टेबलावर कुठेच होत नाही. त्या फरकात सुमारे 95 ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, म्हणजे रक्तपेढीच्या 350 मिलीच्या जवळजवळ दोन पिशव्या. फक्त त्या आईंनी स्वतःच्या हाडांच्या पोकळीत बनवायच्या, आणि त्याला चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून पहिला प्रश्न सर्जनला विचारायचा तो हा: एवढे आठवडे आहेत का? हे मी इथे बसून सांगू शकत नाही. लक्षणं सुरू झालेली अरुंद एऑर्टिक झडप तशीच ठेवली तर साधारण निम्मे रुग्ण दोन वर्षांत जातात, त्यामुळे "बघू दिवाळीनंतर" चालणार नाही. पण सहा आठवडे बहुतेकांकडे असतात. रात्री आडवं झाल्यावर दम लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा पुन्हा अंधारी आली, तर गणित बदलतं आणि मग थांबू नका.

वेळ आहे असं धरून चालते. हिमोग्लोबिन 10.2 का आहे, हे कुणी बघितलंय का? तुम्ही फक्त 'आयर्नच्या गोळ्या चालू आहेत' असं लिहिलंय. फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बी-12, फोलिक ॲसिड, क्रिएटिनिन, थायरॉइड, आणि शौचातल्या छुप्या रक्ताची तपासणी, एवढं तरी हवं. शेवटची तपासणी मुद्दाम सांगते. एऑर्टिक झडप अरुंद असलेल्या काहींच्या आतड्यांतल्या नाजूक रक्तवाहिन्यांमधून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं. अमेरिकेतल्या हेड नावाच्या डॉक्टरांनी ही सांगड 1958 मध्ये दाखवली. कारण असं की अरुंद वाटेतून जोराने जाताना रक्त गोठवणाऱ्या एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे होतात. अशा रुग्णाला कितीही लोह द्या, फुटक्या घागरीत पाणी ओतल्यासारखं होतं. झडप बदलली की गळती बहुधा थांबते. आईंना हे असेल तर किती आठवडे थांबायचं हा निर्णय वेगळा पडेल.

लोह कमी असेल तर गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. शिरेतून द्यायचं लोह आता दिवसभराचं काम राहिलेलं नाही, फेरिक कार्बॉक्सिमाल्टोजचा 1,000 मिलीग्रॅमचा डोस पंधरा मिनिटांत जातो. सोबत एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं, ज्यांनी हाडांतला कारखाना जोरात चालतो. डोस इथे लिहीत नाही, तो रक्तरोगतज्ज्ञाने ठरवायचा, कारण या औषधाने रक्तदाब वाढू शकतो आणि गुठळ्यांचा धोकाही असतो. एक बारीक गोष्ट मात्र लिहिते, जी बऱ्याच डॉक्टरांनाही पटकन आठवत नाही: काही कंपन्यांच्या एरिथ्रोपोएटिनमध्ये टिकाऊपणासाठी मानवी अल्ब्युमिन घातलेलं असतं. अल्ब्युमिन रक्तापासून काढतात. आईंना ते चालतं का, हे सुई टोचायच्या आधी विचारायचं आणि नसेल चालत तर अल्ब्युमिनशिवायचा ब्रँड मागायचा. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, चष्मा लावून वाचा.

यावरून मुख्य विषयाकडे येते. "आई रक्त घेत नाही" हे वाक्य माझ्या कामाला पुरत नाही. साक्षीदारांचा आधार बायबलमधला आहे: प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15, जिथे रक्तापासून दूर राहा असं सांगितलंय. संपूर्ण रक्त आणि त्याचे चार मुख्य भाग, लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा, हे ते नाकारतात. त्या भागांमधून पुढे काढलेले अंश, म्हणजे अल्ब्युमिन, रक्त गोठवणारे फॅक्टर, फायब्रिनोजेन, हे ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलेलं आहे. त्यामुळे एकाच मंडळीतल्या, म्हणजे एकत्र प्रार्थना करणाऱ्या गटातल्या, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन बहिणींची उत्तरं वेगळी असू शकतात.

मी एक तक्ता करते आणि एकेक ओळ वाचून दाखवते. अल्ब्युमिन? फायब्रिनोजेन? क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे प्लाझ्मातून काढलेला रक्त गोठवणारा अंश? शिवणीवर लावायचा फायब्रिन ग्लू? (तोही मानवी रक्तापासून बनतो, सर्जन सवयीने मागतात.) पंपातून फिरणारं स्वतःचं रक्त? हे बहुतेकांना चालतं, कारण ते अंगाशी जोडलेलंच राहतं. सेल सेव्हर, म्हणजे छातीत सांडलेलं रक्त शोषून, धुऊन परत देणारं यंत्र? त्याची नळी सुरुवातीपासून शिरेला जोडून ठेवली, साखळी तुटू दिली नाही, तर बरेच जण हो म्हणतात. आधी काढून फ्रीजमध्ये ठेवलेलं स्वतःचंच रक्त? इथे बहुतेक जण नाही म्हणतात, अंगाबाहेर पडलेलं रक्त जमिनीवर ओतावं असं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे म्हणून. पंपात रक्त गोठू नये म्हणून द्यायचं हेपारिन डुकराच्या आतड्यांपासून येतं, झडप गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीची असू शकते, हेही सांगते. एकदा एका आजींनी सगळा तक्ता शांतपणे ऐकला आणि विचारलं, "डुकराचं चालेल हो, पण हे सगळं ऑपरेशनच्या दिवशी तुमच्या लक्षात राहील ना?" तेव्हापासून तक्त्याची प्रत मी ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर चिकटवते, पेशंटच्या सहीसकट.

आणि हे सगळं मी पेशंटशी एकट्यानेच बोलते. मुलगा बाहेर, सून बाहेर, मंडळीतले वडीलधारेही बाहेर. ही शिस्त मला महागात शिकावी लागली. एक गृहस्थ होते, दुसऱ्यांदा बायपास होत होती. सगळं घर खोलीत उभं असताना मी त्यांना विचारलं, त्यांनी ठाम "नाही" सांगितलं. ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला, पुन्हा छाती उघडली, हिमोग्लोबिन 4 च्या घरात आलं आणि पाचव्या दिवशी ते गेले. त्यांचं उत्तर कदाचित एकट्यानेही तेच असतं. पण मी विचारलंच नव्हतं, आणि आता ते कधीच कळणार नाही. त्यामुळे आता मी अगदी उघड विचारते: "रक्त दिलं नाही तर जीव जाईल अशी वेळ आली, तरीही नको?" आणि हेही सांगते की ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत केव्हाही मत बदललंत तर फक्त मला सांगा, बाहेर कुणाला कळणार नाही.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आईंनी हे एकट्याने, शुद्धीत, समजून सांगितलं असेल तर तुमच्या सहीला काही किंमत नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या व्यक्तीच्या वतीने मुलगा संमती देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात संमती ही रुग्णाचीच लागते हे स्पष्ट केलंय. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत अपघातानंतर बेशुद्ध असलेल्या बाईच्या पर्समध्ये 'रक्त नको' असं कार्ड होतं. डॉक्टरांनी तरीही रक्त दिलं, ती वाचली, आणि 1990 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने डॉक्टरांना भरपाई द्यायला लावली. (लहान मुलांचा मुद्दा वेगळा, तिथे पालकांचा नकार शेवटचा धरत नाहीत. तुमचा तो प्रश्न नाही.)

कायदा बाजूला ठेवला तरी "कळणारही नाही" हे खोटं आहे. केसपेपरवर पिशवीचा नंबर चिकटवतात, बिलात क्रॉसमॅचिंगची, म्हणजे रक्त जुळवून बघण्याची, ओळ येते. मी शिकत असताना एका ठिकाणी असंच गुपचूप रक्त दिलं होतं. पेशंटच्या मुलीला ते बिल वाचून समजलं. त्या बाई नंतर तपासणीला आल्या नाहीत, गोळ्याही सोडल्या असं कानावर आलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या होत्या, यांत्रिक झडपेच्या. पुढचं मी सांगायला नको. त्या दुसऱ्या सर्जनकडे जाऊ नका. "मला जमणार नाही" म्हणणारे पहिले सर्जन मला जास्त प्रामाणिक वाटतात.

झडप कोणती, हाही निर्णय रक्ताशी जोडलेला आहे, आणि तो तुमच्या प्रश्नात नाही म्हणून मुद्दाम काढते. यांत्रिक झडप टिकाऊ, पण जन्मभर वॉर्फरिन. रक्त न घेणाऱ्या माणसाला रोज रक्त पातळ करायचं औषध देणं मला पटत नाही. उद्या आतड्यातून रक्त गेलं, पडून डोक्याला लागलं, तर परत हाच प्रसंग. 64 व्या वर्षी ऊतीची झडप हा माझा कल. आणि तिसरा रस्ता: मांडीच्या रक्तवाहिनीतून नेऊन बसवायची झडप, टावी. फ्रान्समध्ये रुआँच्या ॲलँ क्रिबिए यांनी 2002 मध्ये पहिली बसवली. छाती उघडत नाही, पंप नाही, पाणी मिसळण्याचा प्रश्नच नाही. 65 च्या आतल्यांना सहसा ऑपरेशनच सुचवतात, पण आईंचं वय काठावर आहे आणि त्यांच्या बाबतीत तराजू टावीकडे झुकतो असं मला वाटतं. मांडीची रक्तवाहिनी फाटली तर मात्र तिथेही भरपूर रक्त जातं, आणि खर्च बराच जास्त आहे. झडपेचं माप आणि मांडीच्या वाहिन्या कशा आहेत, ते सीटी स्कॅन बघितल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. पुढच्या भेटीत हा सीटी मागा.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही, ते आमचं काम. ट्रॅनेक्झामिक ॲसिड देतो, त्याने झालेली गुठळी विरघळत नाही. सर्जन प्रत्येक टाक्याशी दुप्पट वेळ घालवतो. नंतर छातीत ठेवलेल्या नळीतून, म्हणजे ड्रेनमधून, नेहमीपेक्षा जास्त रक्त दिसलं तर इतरांच्यात तास-दोन तास वाट बघतो तशी बघत नाही, लवकर परत आत जातो. क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन वगैरे रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर ते किती दिवस आधी थांबवायचं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आपल्या मनाने बंद करू नका.

आणि सगळं करूनही आकडा खाली गेला तर? हेही आईंना आधीच माहीत असायला हवं. रक्त नाकारणाऱ्या रुग्णांवर 2002 मध्ये छापलेला एक मोठा अभ्यास आहे, सगळ्या प्रकारच्या ऑपरेशनांचा. नंतरचं हिमोग्लोबिन 7 ते 8 मध्ये राहिलेल्यांपैकी कुणीच दगावलं नाही. 4 ते 5 पर्यंत उतरलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले. म्हणजे 7 ला घाबरून जायचं नाही, आणि 4 ला "काही होत नाही" म्हणायचं नाही. त्या टप्प्यावर आम्ही पेशंटला झोपवून ठेवतो, व्हेंटिलेटरवर शंभर टक्के ऑक्सिजन देतो, ताप चढू देत नाही, म्हणजे शरीराची ऑक्सिजनची भूक कमी राहते, आणि लोह व एरिथ्रोपोएटिन चालू ठेवतो. नवीन पेशी दिसायला काही दिवस लागतात. ते दिवस नातेवाइकांसाठी फार कठीण जातात. तुम्ही बाहेर बाकावर बसून असाल आणि रक्तपेढी खालच्याच मजल्यावर असेल. आज नाही, पण ऑपरेशनच्या आधी, आईंशी या बाकाबद्दल एकदा बोलून घ्या.

हॉस्पिटल शोधताना मोठं नाव बघण्यापेक्षा हे विचारा: रक्त न घेणारे किती पेशंट केलेत? सेल सेव्हर तुमचा आहे की भाड्याने आणता? चालवणारा माणूस रात्रीही असतो का? किती हिमोग्लोबिनच्या खाली तुम्ही तारीख देत नाही? शेवटच्याचं उत्तर "बघू" असं आलं तर उठा. साक्षीदारांच्या स्वतःच्या हॉस्पिटल संपर्क समित्या असतात, कोण डॉक्टर तयार होतात हे त्यांना माहीत असतं. आईंच्या मंडळीतून नंबर मिळेल. पंथाबद्दल तुमचं मत काहीही असो, या कामात त्यांची मदत घ्या.

फेरिटिन, बी-12 आणि सीटीचे रिपोर्ट आले की आकडे लिहा, मग टावी की ऑपरेशन यावर नीट बोलता येईल. आणि तपासण्यांसाठी लॅबवाले येतील तेव्हा आत्तापासूनच लहान मुलांच्या ट्यूब मागा. मोठ्या ट्यूबमधलं अर्ध्याहून जास्त रक्त यंत्र वापरतच नाही, ते बादलीत जातं.